शेपूट कुठे जातं ते बघा

प्रश्न : बाई, गेल्या हिवाळ्यात आम्ही नवरा-बायकोनं हवा भरायची दोन आसनी कयाक घेतली. लांबी सव्वातीन मीटर, रुंदी ९० सेंटिमीटर. महिन्यातून दोनदा पवना धरणाच्या पाण्यावर जातो. माझं वजन ८८ किलो, बायकोचं ५४. समोरचं दिसायला हवं म्हणून मी पुढे बसतो. पण कयाक काही केल्या सरळ जात नाही. तिकोना समोर धरून निघालो की दहा-बारा वल्ह्यांत तुंग समोर येतो. अकरानंतर वारा सुटला की विचारूच नका. त्यात बसायला फार खाली वाटतं म्हणून आसनांखाली फोमच्या उशा घातल्या, तेव्हापासून ती डुगडुगतेही. सुकाणू बसवून घेऊ का? की दोन्ही बाजूंना तरंगते लावू? खर्च साधारण किती धरावा?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : खर्च आधी सांगते. शून्य. निदान पहिले दोन रविवार तरी खिशात हात घालू नका. पुढच्या खेपेला फक्त जागा बदला. वहिनींना पुढे बसवा आणि तुम्ही मागे या.

तुम्हाला हे पटणार नाही. आमच्या ह्यांनाही पटलं नव्हतं. निवृत्तीनंतर देवबागला राहायला आलो, त्या वर्षी आम्ही कर्लीच्या खाडीत आमची पहिली दोन आसनी कयाक उतरवली. हे ९० किलोचे, मी तेव्हा ५६ची. मोठा माणूस पुढे, हा त्यांचा न्याय. समोरच्या काठाला लागायचं म्हणून निघालो आणि संगमाकडे तोंड करून थांबलो. मग कुणाचं चुकलं यावर खाडीच्या मध्यभागी बसून वाद. इंग्रजीत या कयाकला गमतीनं ‘डिव्होर्स बोट’ म्हणतात, ते मला पुढे कळलं, आणि अजिबात नवल वाटलं नाही.

मी शाळेत बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं. बल, आघूर्ण, गुरुत्वमध्य यांच्या आकृत्या फळ्यावर किती काढल्या त्याची गणती नाही. पण कयाकचं गणित मला शेजारच्या तांडेलांनी किनाऱ्यावर उभ्या उभ्या सांगितलं. “बाईनू, नाळ खंय जाता ता काय बघतास? शेपूट खंय जाता ता बघा.”

नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक. कयाक पुढे जाते तेव्हा ते टोक न ढवळलेल्या पाण्यात शिरतं आणि पाणी त्याला दोन्ही बाजूंनी घट्ट धरून ठेवतं. मागचं पाणी मात्र कयाकनंच ढवळून सैल केलेलं असतं, तिथे पकड नाही. म्हणून कयाक वळते ती नाकाशी खुंटी मारल्यासारखी, आणि घसरतं ते शेपूट. तुम्हाला वाटतं नाक डावीकडे गेलं. खरं म्हणजे शेपूट उजवीकडे निसटलेलं असतं. आणि एकदा निसटलं की वळण आपलं आपण वाढत जातं, वल्हं थांबवलं तरी. बाणाला पिसं मागेच का बांधतात, याचं उत्तरही हेच.

आता ८८ किलो पुढे बसवल्यावर काय होतं बघा. नाक आणखी रुततं, शेपूट वर उचललं जातं. आधीच सैल असलेलं टोक तुम्ही पाण्यातून जवळजवळ काढूनच घेता. मग ते सापासारखं वळवळलं तर कयाकचा काय दोष?

जागा बदलल्यावर काठावरच्या कुणाला तरी बाजूनं एक फोटो काढायला सांगा. शेपूट नाकापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर खाली असावं. त्याहून जास्त नको, कारण नाक फार वर गेलं की वारा त्याला ढकलत नेतो आणि तुम्ही एका भानगडीतून दुसरीत जाता. तुमच्यात ३४ किलोंचा फरक आहे, म्हणजे कयाक मागे जरा जास्तच झुकेल. तुमचं आसन एक वीतभर पुढे सरकवा आणि वहिनींच्या पायांपलीकडे पाच लिटरचा पाण्याचा कॅन बांधून ठेवा. पाच किलोंचं वजन तेवढं लांब ठेवलं की चांगलं काम करतं. बांधूनच ठेवा. गडगडणारं सामान म्हणजे न सांगता हलणारा तिसरा प्रवासी.

समोरचं दिसत नाही, ही तक्रार दोन दिवसांत जाईल. वहिनींच्या डोक्यावरून तिकोना व्यवस्थित दिसतो, आणि जवळचं जाळं किंवा खुंट त्या ओरडून सांगतील. मागे बसण्याचा मोठा फायदा वेगळाच आहे. मागच्याला पुढच्याचं वल्हं दिसतं, पुढच्याला मागच्याचं दिसत नाही. म्हणून ताल पुढच्यानं द्यायचा, मागच्यानं तो धरायचा आणि दिशा सांभाळायची. ताल देणाऱ्याला जो वेग तासभर झेपेल तोच खरा वेग. आमच्याकडे ह्यांची वल्ही माझ्या वल्ह्यांवर आपटायची थांबली ती जागा बदलल्यावरच. मात्र मागच्यानं पुढच्याला सूचना द्यायच्या नाहीत, ही माझी स्वतःची अट. ती मी आजही मोडते.

वल्ह्याची लांबी तुम्ही लिहिली नाही. ९० सेंटिमीटर रुंदीच्या कयाकला २३० ते २४० सेंटिमीटरचं वल्हं लागतं. आखूड असेल तर काठावरून वाकून पाणी गाठावं लागतं आणि प्रत्येक वल्ह्याबरोबर कयाक कलते. पातं पायाच्या बोटांजवळ बुडवा, काठाला लागून मागे आणा, आणि कमरेशी आलं की बाहेर काढा. कमरेच्या मागे खेचलेलं वल्हं कयाकला पुढे नेत नाही, फिरवतं. नवशिक्यांची वळवळ निम्मी तिथे असते. जोर लावणारा माणूस हमखास शेवटपर्यंत खेचतो. तुम्हीही खेचत असणार.

दिशा सांभाळायची ती लवकर आणि थोडी थोडी. नाक हातभर जाईपर्यंत थांबलात तर हरलात. ते ज्या बाजूला सरकलं त्याच बाजूला मागच्यानं एक लांब अर्धगोल वल्हं मारायचं. पुढच्यानं आपलं सरळ चालू ठेवायचं. दोघांनी मिळून दुरुस्ती केली की ती दुप्पट होते. आणि नुसता तिकोन्याचा माथा धरून चालू नका. काठावरचं एखादं झाड आणि त्याच्या बरोबर मागे किल्ल्याचं टोक, अशा दोन खुणा एका रेषेत धरा. कोळी लोक समुद्रात आपली जागा अशीच शोधतात. झाड माथ्याच्या डावीकडे सरकायला लागलं की तुम्ही उजवीकडे वाहत चाललात, हे नाक वळायच्या आधी कळतं.

आता खोक्यात आलेल्या एका वस्तूबद्दल. अशा कयाकबरोबर तळाला मागे बसवायचा प्लॅस्टिकचा पर बहुधा येतो, माशाला असतो तसा. त्याला स्केग म्हणतात. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही, म्हणून संशय येतो की तो माळ्यावर आहे. काढा आणि लावा. तिरकी धार पुढे, टोक मागे झुकलेलं. उलटा लावलेला पर मी आमच्या काठावर किती पाहिलेत! गवत, दोऱ्या सगळं त्यात अडकतं. तो घडी घालून दाबून ठेवला असेल तर वाकलेला निघेल, आणि वाकलेला पर कयाकला सतत एकाच बाजूला ओढतो. गरम पाण्यात बुडवून मऊ करा, सपाट फळीवर दाबून सरळ करा, तसाच गार होऊ द्या. पाणी गुडघाभर असेल तिथेच कयाकमध्ये बसा, नाहीतर तळाच्या दगडावर पर मोडेल, किंवा त्याची चिकटवलेली पट्टीच उखडेल.

फरक मोजायचा असेल तर वारा नसताना सकाळी एक खेळ करा. दोघांनी मिळून सहा वल्ही जोरात मारा आणि वल्ही मांडीवर ठेवा. कयाक किती अंतर सरळ घसरत जाते ते बघा. आधी पर न लावता, मग लावून. मग त्याच पर लावलेल्या कयाकमध्ये जागा अदलाबदल करून. तुम्ही मला पुन्हा पत्र लिहाल ते या खेळानंतर.

डुगडुगण्याचं कारण तुम्हीच लिहिलं आहे. उशा काढा. माणसाचा गुरुत्वमध्य पोटाशी असतो. दोन माणसं एकेक वीत वर उचलली की कयाकवरच्या जवळजवळ सगळ्या वजनाचाच मध्य वीतभर वर जातो. रुंदी तीच, उंची वाढली, म्हणून डोलणं वाढलं. खाली बसून पाठ दुखते ती बहुतेकदा पायांना टेकू नसल्यामुळे. कपडे भरलेली जलरोधक पिशवी फुगवून पायांशी घट्ट अडकवा आणि तळवे तिला रेटून बसा. पाठ सरळ होते, वल्ह्याचा जोरही कयाकला लागतो. गुडघे किंचित बाहेर, कंबर सैल. कयाक कलेल तशी कंबर कलू द्यायची, डोकं मात्र मधल्या रेषेवर ठेवायचं. सांगायला सोपं. अंग आखडून बसलेला माणूस कयाकबरोबर अख्खाच कलतो, ही खरी अडचण.

आमच्या घरचा एक नियम आहे : एक हलला की दुसरा दगड. पाण्याची बाटली मागे द्यायची, फोटोसाठी वळायचं, टोपी उचलायची, आधी सांगायचं. दुसऱ्यानं वल्हं पाण्यावर आडवं टाकून गप्प बसायचं. सपाट पाण्यात उलटलेल्या ज्या दोन आसनी कयाक मी पाहिल्या, त्या लाटेनं उलटल्या नव्हत्या. दोघं एकाच वेळी एकाच बाजूला पक्षी बघायला वाकले होते.

हवेकडेही बघा, कारण मऊ कयाक डुलते आणि मध्ये वाकून वळवळतेही. आम्ही एकदा एप्रिलच्या दुपारी वाळूवर कडक हवा भरली, थाप मारली की ढोलासारखी वाजायची. खाडीत उतरवली आणि पंधरा मिनिटांत मधून खचली. हे माझ्या पुढ्यात खड्ड्यात बसल्यासारखे. पंक्चर कुठे म्हणून दोघं शोधत बसलो. पंक्चर नव्हतंच. तापमान होतं. ४५ अंशांना भरलेली हवा २७ अंशांच्या पाण्यात गार झाली. मापकावर दीड पीएसआय (हे दाबाचं एकक) दिसतं ते वातावरणाच्या १४.७ च्या वरचं. म्हणजे आतला खरा दाब १६.२. तापमान केल्व्हिनमध्ये ३१८ वरून ३०० झालं की हा १६.२ घसरून १५.३ वर येतो. गेला जेमतेम एक पीएसआय, पण मापकावर दीडचं ०.६ झालं! प्लॅस्टिक थोडं आकसतं, त्यामुळे प्रत्यक्षात एवढी घट होत नाही, पण बसलेल्याला कळण्याइतकी होतेच. तेव्हा कयाक पाण्यात दहा मिनिटं तरंगू द्या, मग काठाशीच पंपानं वरची हवा भरा. परत आल्यावर उन्हात ठेवणार असाल तर आधी थोडी सोडा, नाहीतर शिवण जाईल. किती दाब भरायचा ते झडपेजवळ छापलेलं असतं. आणि टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरकडे बघूसुद्धा नका.

वाऱ्याबद्दल. हवेची कयाक पाण्यात कमी आणि पाण्यावर जास्त असते, वाळलेल्या पानासारखी. चालती कयाक वाऱ्याकडे तोंड वळवते, कारण नाकाला पाण्यानं धरलेलं असतं आणि मोकळं शेपूट वारा ढकलतो. पुन्हा शेपूटच! पर आणि मागचं वजन इथेही उपयोगी पडतं, पण एका मर्यादेपर्यंत. आमच्या किनाऱ्यावर सकाळी जमिनीकडून मतलई वाहतो आणि दुपारी समुद्राकडून खारा वारा येतो. शहाणी होडी त्या वेळा बघून निघते. पवनेवर तुम्हाला अकराची वेळ माहीतच आहे. सातला उतरा. आधी वाऱ्याच्या तोंडावर जा, म्हणजे दमल्यावर तो तुम्हाला परत आणेल.

सुकाणूचा विचार हे सगळं केल्यावर. माझं मत विचाराल तर सव्वातीन मीटरच्या हवेच्या कयाकला ते नको. त्याला पायांनी हलवायच्या दोऱ्या लागतात, मागे घट्ट बैठक लागते, आणि मऊ शेपटाला ती मिळत नाही. शिवाय सुकाणू असलं की माणूस वल्हं मारायचं शिकत नाही. वळवलेलं सुकाणू दर वेळी थोडा ब्रेक लावतं, ते वेगळंच. आडवा ओढ असलेल्या खाडीत, साडेचार-पाच मीटरच्या कडक कयाकला ते शोभतं. आणि एवढं करूनही तुमची कयाक लांब, अरुंद कयाकसारखी बाण होऊन जाणार नाही. रुंदीनं तुम्हाला स्थैर्य दिलंय, त्याची किंमत ती सरळपणातून वसूल करणारच.

प्रश्न : मालवणजवळ आमचा छोटा होम-स्टे आहे. कोळंबच्या खाडीत पाहुण्यांसाठी कडक प्लॅस्टिकची, वर बसायची दोन आसनी कयाक ठेवली आहे. सकाळी ठणठणीत असते, तासाभरानं मात्र दारू प्यायल्यासारखी झोकांड्या खाते. पाहुणे घाबरतात. माणसं बदलली तरी तेच.
— एक वाचक

उत्तर : माणसं नाहीत, पाणी आहे. तुमच्या कयाकच्या पोटात शिरलेलं. किनाऱ्यावर आणल्या आणल्या एक टोक उचला, आत खळखळ ऐकू येईल. वीस लिटर म्हणजे वीस किलो, पण ते घट्ट बांधलेले वीस किलो नव्हेत. कयाक डावीकडे कलली की सगळं पाणी डावीकडे धावतं आणि तिला आणखी कलवतं. परातीत पाणी घेऊन चालून बघा, म्हणजे पाहुण्यांना काय वाटतं ते कळेल.

गळती शोधायची ती उलट बाजूनं. कयाक दोन लाकडांवर ठेवा, आत दहा लिटर पाणी घाला, बाहेरून पुसून कोरडी करा आणि नाकाकडे, शेपटाकडे, दोन्ही कुशींवर कलवत जा. थेंब जिथे येईल तिथे खडूनं खूण. माझे संशयित असे : मागच्या बुचाचं रबरी वायसर, झाकणाची गॅसकेट, आसनाचे हुक बसवलेले स्क्रू आणि पाणी वाहून जायच्या आरपार भोकांचे कोपरे. वायसर आणि स्क्रू तुम्हीच बदलू शकाल. भोकाच्या कोपऱ्याला चीर असेल तर दोन पुड्यांचं इपॉक्सी फासू नका. या कयाक पॉलिथिलीनच्या असतात आणि त्याला काहीच धड चिकटत नाही. चार दिवसांत खपली निघते. प्लॅस्टिक वेल्डिंग करणाऱ्याकडे न्या, त्याच प्लॅस्टिकची कांडी वापरायला सांगा. आणि वाळूवरून ओढणं बंद करा. चिरा तिथूनच येतात.

प्रश्न : वेंगुर्ल्याहून लिहिते आहे. आमच्या कडक दोन आसनी कयाकमध्ये आठ वर्षांच्या मुलाला मधे बसवून न्यायचं आहे. सासरे म्हणतात, पूर्वीसारखी उलांडी लावा, म्हणजे होडीच्या बाजूला आडव्या दांड्यांवर बांधलेलं तरंगतं लाकूड. ती कयाकला चालेल का? त्यानं कयाक सरळ जायला मदत होईल का?
— एक वाचक

उत्तर : सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. कोकणातल्या होड्या पिढ्यान्‌पिढ्या उलांडीच्या जिवावर अरुंद राहूनही उभ्या राहिल्या. त्यांची उलांडी एकाच बाजूला असते आणि ती सांभाळायला सरावलेला माणूस लागतो. तुम्ही दोन्ही बाजूंना लावा.

११० मिलिमीटरची पीव्हीसी नळी, मीटरभर लांब, दोन्ही तोंडांना टोप्या आणि सोल्युशन. अशी एक नळी पूर्ण बुडाली तर साधारण साडेनऊ किलोंचा आधार देते. ऐकायला कमी वाटेल, पण कयाकच्या मध्यापासून पाऊण-एक मीटर दूर ती कलण्याला चांगलीच अडवते. पुढचं टोक जरा वर वळवा, म्हणजे लाटेत खुपसणार नाही. आडवी नळी ॲल्युमिनियमची, मागच्या माणसाच्या पाठीमागे, वल्हं लागणार नाही अशा जागी. तिघं बसल्यावर दोन्ही नळ्या पाण्याच्या दोन-तीन सेंटिमीटर वर राहायला हव्यात. सतत पाण्यात बुडालेल्या नळ्या फक्त वेग खातात, आणि एक दुसरीपेक्षा जास्त बुडाली तर कयाक त्या बाजूला वळत राहते. म्हणजे सरळ जाण्याला उलांडी मदत करत नाही, झालाच तर त्रास करते. त्यासाठी पहिल्या उत्तरातलं शेपूट वाचा.

मुलाला तळाशी बसवा, तुमच्या मांडीवर किंवा स्टुलावर नाही. त्याच्या वजनाचं लाइफ जॅकेट. मोठ्यांचं घट्ट बांधून चालत नाही, पाण्यात ते वर सरकतं आणि मूल खाली जातं. निघायची वेळ सासऱ्यांना विचारा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हे त्यांना तोंडपाठ असेल. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणून नवाच्या आसपास पाणी जोरात बाहेर ओढत असणार. तेव्हा मुलाला घेऊन खाडीच्या तोंडाकडे जायचं नाही.

एक गोष्ट मात्र कयाक मुलाशिवाय नेऊन आधी करा. छातीइतक्या पाण्यात, दोघांनी जॅकेट घालून, ती मुद्दाम उलटी करा. उलांडी लावलेली कयाक सहज उलटत नाही, पण उलटलीच तर तितकीच हट्टानं उलटी राहते, कारण त्याच नळ्या तिला सुलटू देत नाहीत. म्हणून एका बाजूची आडवी नळी हातानं ओढून काढता येईल अशा खिळीवर बसवा, खिळीला दोरी बांधा, आणि दोरीचं टोक मागच्या माणसाला डोळे मिटून सापडेल अशा ठिकाणी ठेवा.